शाळा सोडण्याचे कारण

जूनचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गावच्या हायस्कूलच्या ऑफिसपुढे गर्दी होते. खिडकी बुटकी आहे. तिला लोखंडी जाळी आहे आणि जाळीखाली कागद सरकवण्यापुरती फट आहे. त्या फटीशी बोलायचं म्हणजे प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. पाचवीत नाव घालायला आलेली आई वाकते, अकरावीला साताऱ्याला निघालेला मुलगा वाकतो आणि आधारकार्डावरची तारीख दुरुस्त करायला आलेले सत्तरीचे आजोबाही वाकतात. गेल्या जूनमध्ये सासऱ्यांचा दाखला काढायला मी त्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे लेंगा, तीन गुंड्यांचा शर्ट आणि टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ होते.

"भाऊसाहेब, माझी जल्मतारीख बघायचीय."

"साल आठवतंय का, बाबा?"

"साल कुठलं आठवायला! दुष्काळाच्या आदल्या साली पाचवीत नाव घातलं. तेवढं ध्यानात हाय."

खिडकीमागच्या क्लार्कने, म्हणजे भाऊसाहेबांनी, पुढे काही विचारलं नाही. आमच्या माण-खटावच्या पट्ट्यात दुष्काळ कितीतरी पडले, पण नुसता 'दुष्काळ' म्हटला की तो बहात्तरचा. ते आत गेले आणि कपाटातून १९७१ सालचं जनरल रजिस्टर काढून आणलं.

ते रजिस्टर उघडलं की टेबलभर पसरतं. पाठीला खाकी कापड, कोपरे बोटांनी काळे पडलेले, मधूनच वाळवीने कुरतडलेली कड. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. निळ्या-काळ्या शाईतलं अक्षर इतकं वळणदार, की त्या काळच्या क्लार्कने पगाराचं काम म्हणून नव्हे, तर पोथी उतरवायला घेतल्यासारखं लिहिलं असावं. जिथे दुरुस्ती आहे तिथे लाल शाई आणि बाजूला मुख्याध्यापकांची आडवी सही.

"एक जून एकोणीसशे साठ," भाऊसाहेबांनी वाचलं. रांगेतल्या मागच्या माणसाने "माझीबी एक जूनच हाय" म्हटलं आणि त्याच्यामागच्या बाईने, "आमच्या मालकांचीबी." त्यात नवल काहीच नव्हतं. त्या पिढीत जन्माची नोंद घरात असायची ती पुराच्या, साथीच्या नाहीतर यात्रेच्या खुणेने. मुलाला शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा बघायचे, हात डोक्यावरून घेऊन कान पकडायला लावायचे, वयाचा अंदाज बांधायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून एक जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या हजारो खेड्यांतली एक अख्खी पिढी अशी एकाच दिवशी जन्मली आहे. तिला जन्मदिवस शाळेने दिला. निवृत्ती, पेन्शन, एसटीची सवलत, सगळं पुढे त्या अंदाजावर चाललं.

आजोबांनी मग विचारलं, "आन् सोडली कवा?"

"ऑक्टोबर बहात्तर. कारण, सतत गैरहजर."

"गैरहजर कसला, भाऊसाहेब? आईच्या जोडीला पाझर तलावावर खडी फोडत होतो. तितं रोज हजर होतो की!"

ते रागाने बोलले नाहीत. झेरॉक्ससाठी सुटे पैसे मोजत बोलले आणि कागद घेऊन गेले. मी मात्र त्या रकान्यापाशी अडकले. भाऊसाहेब आमच्या ओळखीचे. दाखला लिहून होईपर्यंत त्यांनी मला रजिस्टर चाळू दिलं.

शाळा सोडण्याचे कारण. बोटभर रुंदीचा रकाना. त्यात एका ओळीच्या वर काही मावत नाही. 'दहावी पास' किंवा त्याआधीच्या काळातलं 'एस.एस.सी. उत्तीर्ण' असेल तर पोरगं इथून सरळ बाहेर पडलं असं समजावं. 'परगावी जाणे' हे आमच्या भागात फार. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या कोरड्या तालुक्यांतली माणसं पिढ्यानुपिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मामाबरोबर नाहीतर चुलत्याबरोबर थेट केरळात किंवा तमिळनाडूत भट्टीवर जायचा. बाकीचे मुंबईला, गोदीत आणि बाजारात माथाडी म्हणून. बहात्तर-त्र्याहत्तरच्या पानांवर 'सतत गैरहजर' आणि 'नाव कमी केले' एकाखाली एक, पानभर. लिहिणाऱ्याने शेवटी शेवटी नुसते दोन टिंबांचे 'सदर' टाकलेत. गावाच्या आसपास तेव्हा दुष्काळी कामांतून जे तलाव, नाले, रस्ते झाले, त्यांत या पानांवरच्या किती पोरांचे हात असतील, त्याची नोंद कुठल्याही रकान्यात नाही.

आणि मुली. मुलींच्या नावांपुढे कारण बहुतेक एकच: 'पालकाच्या विनंतीवरून'. सातवीत, आठवीत, फार तर नववीत. मी त्यातली काही नावं ओळखली. एक आमच्या शेजारच्या काकू, ज्या अजूनही सुनेच्या मुलाची बेरीज-वजाबाकी तोंडी तपासतात. एक माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांनी त्या विनंतीबद्दल कधी बोलून दाखवलं नाही. वर्तणुकीच्या रकान्यात दोघींच्याही नावापुढे 'चांगली' आहे आणि प्रगतीच्या रकान्यातही. चांगली प्रगती आणि चांगली वर्तणूक असलेली मुलगी तेराव्या वर्षी शाळा सोडते आणि त्याचं कारण ओळभर जागेत मावतं, हे बघताना मला नुसतं वाईट वाटलं नाही, संताप आला. अजूनही येतो.

ऐंशीच्या दशकापासून मुलींच्या बाबतीत हा रकाना हळूहळू बदलत गेलेला दिसतो. फी माफ झाली हे एक. पुढे अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास आला, त्यानेही मोठं काम केलं. आमच्या हायस्कूलची वेळ घड्याळाने ठरत नाही, वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या गाडीने ठरते. सकाळची गाडी स्टँडवर लागली की दोन वेण्या आणि लाल रिबिनींचा लोंढा बाजारपेठेतून वर चढतो. दुकानदार तोवर फळ्या काढत असतात. संध्याकाळी शेवटचा तास अर्धा झाला की वर्गातलं अर्धं लक्ष स्टँडकडे लागतं, कारण ती गाडी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर. मुलीची शाळा चालू राहावी की बंद व्हावी, हे पुष्कळ घरांत आजही त्या एका गाडीवर ठरतं. गाडी महिनाभर बंद पडली की आईवडिलांच्या मनात जुनी विनंती परत डोकं वर काढते.

हे हायस्कूल कसं उभं राहिलं, ते त्याच्या व्हरांड्यात भिंतींवरच लिहिलेलं आहे. पण त्याच्या आधीची थोडी गोष्ट सांगायला हवी. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ते काम साताऱ्यात आलं आणि तिथे त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. १९२७ साली गांधीजी साताऱ्यात आले तेव्हा त्याला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलं एका पंगतीला जेवत, स्वतः राबून खर्च भागवत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांनी दळण-कांडण करताना रोजची एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवलं. तो मुष्टिफंड. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि 'कमवा आणि शिका' हे हायस्कूलच्या पातळीवर उभं राहिलं. त्या वाऱ्यात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जिल्ह्यातल्या गावोगावी हायस्कुलं झाली. काही रयतची, काही स्थानिक मंडळांची.

त्या मुष्टिफंडाचा मी पुष्कळ वेळा विचार करते. मूठ टाकणाऱ्या बाईचं पोर त्या वसतिगृहात असेलच असं नव्हतं. बहुतेकींचं नव्हतंच. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, तिची मुलगी शाळेत जाणार नव्हती, तरी ती दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या घरातली भाकरी लहान करत होती. हे दान नव्हतं, उपकार तर नव्हतेच. गावात शाळा असावी असं तिला वाटत होतं, एवढंच.

आमच्या व्हरांड्यात शिरलं की ते वाटणं दगडात दिसतं. पहिल्या चार खोल्या काळ्या घडीव दगडाच्या, त्यांवर कौलं. ते दगड खाणीतून आणताना शनिवारच्या शाळेनंतर मुलांनी श्रमदान केलं, असं अण्णा, म्हणजे माझे सासरे, अजून सांगतात. पुढच्या खोल्या विटांच्या, नंतरच्या स्लॅबच्या. प्रत्येक खोलीच्या चौकटीशेजारी संगमरवरी पाटी आहे आणि प्रत्येक पाटी वेगळ्या उंचीवर, कारण प्रत्येक वेळी वेगळा गवंडी होता. 'मातोश्रींच्या स्मरणार्थ', 'वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ'. नावाखाली गावाचं नाव असतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात सध्याचा मुक्काम: कोईमतूर, कोचीन, मदुराई. हे गलाईवाले. यांच्यातल्या कितीजणांच्या नावापुढे रजिस्टरात 'परगावी जाणे' लिहिलं असेल! शाळा अर्ध्यावर सुटली आणि भट्टीपुढे बसून पैसा हाताला लागल्यावर पहिल्यांदा आठवली ती शाळाच. प्रयोगशाळेच्या खोलीबाहेरची पाटी मला सर्वांत आवडते. तिच्यावर एकाचं नाव नाही. 'बाजारकरी, हमाल आणि व्यापारी यांच्या वर्गणीतून' एवढंच कोरलं आहे.

सरकारने शिक्षकांचे पगार द्यायचे आणि भिंती गावाने उभ्या करायच्या, अशी ही अनुदानित शाळांची वाटणी. म्हणून या भिंती गावाला आपल्या वाटतात आणि तो त्या वापरतोही. मतदान इथेच. दहावीचं केंद्र इथेच, त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतली मुलं पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन कडुलिंबाखाली शेवटची उजळणी करत बसतात. कुस्त्यांचं मैदान आखायचं असो की रक्तदान शिबिर, किल्ली शिपाईमामांकडे मागायची. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून माणसं परतली तेव्हा कित्येक गावांनी त्यांना चौदा दिवस शाळेतच ठेवलं. आमच्याकडेही. आठवी 'ब'च्या वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या पसरल्या होत्या आणि गावातून डबे जात होते. माथाडीतली एक बाप-लेकाची जोडी तिथे होती. बाप याच वर्गात नापास झालेला. फळ्यावर जुना दिनांक तसाच होता, तो मुलाने पुसला नाही असं बाप कौतुकाने सांगत होता.

मग २०२३ साली दिवाळीच्या आगेमागे मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली. प्राथमिक शाळांच्या दप्तरातली काही पानं मोडी लिपीत, ती वाचणारे जाणकार शोधावे लागले. आमच्या हायस्कूलच्या ऑफिसातही माणसांची रीघ लागली. आजोबाच्या, पणजोबाच्या नावावर बोट ठेवून लोक शेजारचा जातीचा रकाना बघत होते. ज्याला नोंद सापडली तो फोटो काढत होता, ज्याला नाही सापडली तो पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करत होता. शेती पिकत नाही, नोकरी मिळत नाही, तेव्हा माणूस शेवटचा आधार म्हणून शाळेच्या कागदाकडेच येतो, हे मला तेव्हा फार जवळून दिसलं.

शाळेत जातपात नव्हती असं मी म्हणणार नाही. रकान्यात ती होतीच आणि वाढदिवसाला कोणाला घरी बोलवायचं, यातही होती. पण बाक एक होता. पेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा, वडाराचा मुलगा, मुलाण्याचा, डॉक्टरांची मुलगी आणि ऊसतोडीहून मार्चमध्ये परत येणारी मुलगी एकाच फळ्याकडे बघत होती. गणिताच्या सरांच्या हातची पट्टी कोणाची जात विचारून पडत नव्हती. साऱ्या गावाची पोरं एका छपराखाली बसतात अशी जागा आमच्या तालुक्यात दुसरी कुठली होती? देवळात नव्हती, चावडीत नव्हती, स्मशानातसुद्धा नव्हती.

'होती' असं लिहिताना हात अडतो. आता सकाळी सातला पिवळ्या बस येतात आणि गावातली ज्यांना शक्य आहे अशा घरांतली मुलं बायपासवरच्या इंग्रजी शाळांत जातात. डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांचीही. मी आईबापांना दोष देत नाही. आपल्या लेकराचं बरं व्हावं म्हणून पोटाला चिमटा काढून फी भरणारी घरं मी बघते आहे. पण त्यामुळे बाक दुभंगला हे मान्य केलं पाहिजे. हायस्कुलात आता ज्यांना दुसरा रस्ता नाही त्यांचीच मुलं अधिक. गावातली बोलती माणसं शाळेतून बाहेर पडली, म्हणून शाळेबद्दल बोलणारं कोणी उरलं नाही. संडासाला पाणी नाही, विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले आणि जागा तशीच आहे, हे पूर्वी बाजारात चार दिवसांत गाजलं असतं. आता ते वाडीवरून येणाऱ्या बाईला माहीत असतं आणि ती त्या बुटक्या खिडकीपाशी वाकून काही न बोलता परत जाते.

शिक्षक मात्र झटताहेत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ते जोडीजोडीने मोटारसायकलवरून वस्त्यांवर फिरतात. चौथी-पाचवी झालेल्या मुलामुलींच्या घरी जातात, ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि "पोरगी आमच्याकडे घाला" म्हणून सांगतात. पट टिकला तरच शिक्षकांची पदं टिकतात, म्हणून ही पायपीट, असं कोणी म्हणेल. असेलही. पण एका मॅडमना मी मे महिन्यात मेंढपाळांच्या वाड्यावर पाहिलं. एका मुलीला सातवीनंतर घरी बसवायचं ठरलं होतं. मॅडम तिच्या आजीशी तासभर बोलल्या. पास कसा निघतो, गाडी किती वाजता, संध्याकाळी उशीर झाला तर त्या स्वतः स्टँडवर थांबतील, असं सगळं. आजी शेवटी म्हणाली, "बघू, बाई." जूनमध्ये ती मुलगी आठवीत आली. कर्मवीर गावोगाव हिंडून मुलं गोळा करत, असं आम्ही पाठात शिकलो. हे त्याहून वेगळं काय आहे?

हल्ली दिवाळीत नाहीतर मे महिन्यात माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. अमक्या सालची दहावीची तुकडी, फेटे, मांडव, जुन्या सरांना शाल-श्रीफळ. थरथरत्या हाताने सर हजेरी घेतात आणि पन्नाशीची माणसं "हजर सर" म्हणताना रडतात. हे मला मनापासून आवडतं. जाताना ते शाळेला काही ना काही देऊन जातात: कमान, पाण्याचं यंत्र, भिंतीवरचा मोठा टीव्ही. तेही बरंच आहे. पण माझी एक विनंती आहे आणि ती फक्त माझ्या गावच्या लोकांना नाही. तुमचं नाव अशा एखाद्या रजिस्टरात असेल, तर कमान बांधू नका. गणित आणि विज्ञान शिकवणारा एक शिक्षक जागा भरेपर्यंत तासिकेवर ठेवावा लागतो, त्याचा वर्षाचा पगार द्या. मुलींच्या संडासाचं पाणी चालू आहे का ते जाऊन बघा. संध्याकाळची गाडी वेळेवर सुटते का, हे डेपोत जाऊन विचारा. तुमचं पोर त्या शाळेत नसलं तरी विचारा. आणि जमलं तर या वर्षी शाळा सोडलेल्या मुलींच्या नावापुढे त्या बारीक रकान्यात काय लिहिलं आहे, ते मुख्याध्यापकांकडून समजून घ्या.

हे सगळं मात्र ३० सप्टेंबरच्या आत करा. त्या दिवशीचा पट मोजला जातो आणि शिक्षकांची किती पदं राहणार ते त्यावर ठरतं.